काका, ड्रॉ?

त्या दिवशी म्हापशात शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस. डिचोलीहून अस्नोडा, थिवी करत आलो, स्कूटर बाजाराच्या अलीकडेच लावली आणि उरलेली वाट गर्दीतून चालत गेलो. बुद्धिबळ स्पर्धेच्या सभागृहाच्या व्हरांड्यात पेअरिंगचा, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी त्याचा, कागद चिकटवलेला होता. बोर्ड नंबर ७, पांढरी मोहरी माझ्याकडे. माझ्या नावापुढं रेटिंग १६३४, समोरच्याच्या नावापुढं २०३०. गावाच्या रकान्यात सांगली.

सांगली वाचून पोटात गोळा आला. बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी माणसाला सांगलीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. बुद्धिबळपटू भाग्यश्री ठिपसे मूळच्या तिथल्या, साठ्यांच्या. त्या गावात पोरं शाळेत जायच्या आधी घोड्याची चाल शिकतात, असं आमचे बाबा म्हणायचे.

माझ्या १६३४ बद्दल आधी सांगायला हवं, कारण तो आकडा मी खेळून मिळवलेला नव्हता. माझं रेटिंग कितीतरी वर्षं १३९० होतं. २०२४ च्या मार्चमध्ये फिडेनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघानं, २००० च्या खालच्या खेळाडूंचे आकडे एकदाच वर उचलले. २००० ला जितके कमी, त्याच्या ४० टक्के भर पडली. मला कमी ६१०, त्याचे ४० टक्के २४४. रात्री झोपलो तेव्हा १३९०, सकाळी १६३४. मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. कुठून आली ते माहीत नसलेली रक्कम खात्यात दिसली की मला चैन पडत नाही, आधी तिचा हिशेब लागला पाहिजे. या २४४ गुणांचंही तसंच झालं होतं. त्यानंतर पावणेदोन वर्षं मी एकही रेटेड डाव खेळलो नव्हतो.

खेळावंसं वाटलं ते २०२५ च्या नोव्हेंबरात. बुद्धिबळाचा वर्ल्ड कप आमच्या गोव्यात, हडफड्याला भरला होता. जगभरातले २०६ खेळाडू, आणि ते आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. कॅश बंद केली की मी मोबाइलवर डाव बघत बसायचो. तिसऱ्या फेरीत जगज्जेता गुकेश जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर पडला, त्या रात्री मला झोप आली नाही. गुकेश हरला याचं वाईट वाटलंच. पण स्वाने त्या खुर्चीवर बसला तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार डोक्यातून जाईना. गुकेशच्या मानानं शंभरावर गुणांनी मागं असलेला माणूस तो. शेवटी कप जिंकला तो उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव. तोही काही पहिल्या पाचांतला नव्हता. वर्ल्ड कप संपून महिना व्हायच्या आतच मी म्हापशाच्या स्पर्धेची फी भरली.

आकड्यांचा हिशेब मी आदल्या रात्रीच करून ठेवला होता. चारशेच्या आसपास फरक असला तर फिडेच्या तक्त्यात खालच्या खेळाडूच्या वाट्याला डावामागे ०.०८ गुण येतो. म्हणजे अशा माणसाशी शंभर डाव खेळलो तर त्यातून आठ गुण निघावेत ही अपेक्षा. माझा गुणक, म्हणजे रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, २०. जिंकलो तर रेटिंग १८.४ नं वाढणार, बरोबरी केली तर ८.४ नं, हरलो तर १.६ जाणार. हरण्यात जवळजवळ काहीच जात नाही. हे कागदावर मला कळत होतं. पटासमोर बसलं की ते कळणं कुठं जातं कोण जाणे.

२०१८ साली ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर स्पर्धा झाली, तेव्हा मी खालच्या गटात खेळलो होतो. तिथं माझ्याहून बऱ्याच वरच्या एका गृहस्थांविरुद्ध माझं एक प्यादं जास्त होतं, पटही चांगला होता. त्यांनी चाल केली, हसून हात पुढं केला आणि मी तो घेतला. कुणी मोठ्या माणसानं घरी जेवायला बोलावावं तसं मला वाटलं होतं. घरी येऊन बाबांना डाव मांडून दाखवला. ते बराच वेळ पटाकडं बघत बसले आणि एवढंच म्हणाले, "तुझं प्यादं जास्त होतं ना रे?" ते वाक्य माझ्या अंगात सात वर्षं रुतून होतं.

म्हापशात माझ्यासमोर आलेला सांगलीचा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. सडपातळ, मनगटाला लाल दोरा. बसायच्या आधी त्यानं आपली सगळी मोहरी घरांच्या मधोमध सारखी केली, मग वाकून नमस्कारासारखा हात मिळवला. "नमस्कार काका." आवाजात कुठं गुर्मी नव्हती. वेळ प्रत्येकी ९० मिनिटं, आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर.

मी राजाचं प्यादं दोन घरं टाकलं, त्यानं फ्रेंच डिफेन्स नावाची सुरुवात घेतली. (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८, त्यावरून घराचं नाव.) मी घोडा डी २ वर ठेवला, त्यानं सी ५ केलं, मी डी ५ वर मारामारी केली, त्यानं ई प्याद्यानं घेतलं. यातून काळ्याचं डी ५ चं प्यादं एकटं पडतं. डाव्या-उजव्या बाजूला त्याला राखायला सोबती प्यादं नसतं. पुस्तकं सांगतात की त्या बदल्यात काळ्याला मोहऱ्यांना मोकळी वाट मिळते, आणि ते खरंही आहे. पण मोहरी एकेक करून पटावरून उठली की ती मोकळीक संपते आणि प्यादं तेवढं एकटं उरतं. माझ्यासारख्या कमी आकडेमोड करणाऱ्या माणसाला हा प्रकार मानवतो. दूरचं काही दिसलं नाही तरी काय करायचं ते माहीत असतं: बदलाबदल करा, प्याद्यासमोर येऊन बसा.

मधल्या वीस चालींबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वजीर गेले, उंट गेले, वजिराकडची माझी दोन प्यादी आणि त्याची दोन प्यादी गेली. एकदा त्यानं घोड्याची दुहेरी धमकी दिली होती, ती मला उशिरा दिसली, पण वेळेत दिसली. राजाच्या बाजूला मी माझं एच प्यादं पाचव्या घरापर्यंत नेलं आणि त्याची जी ७, एच ६ ही प्यादी जिथल्या तिथं जखडून टाकली. तेव्हा ते फक्त जागा मिळवायला केलं होतं. पुढं त्याचं काय होणार आहे ते मला माहीत नव्हतं.

तेहतिसाव्या चालीनंतर पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि चार-चार प्यादी. माझ्याकडं अकरा मिनिटं, त्याच्याकडं साडेतीन. त्यानं चाल केली, घड्याळ दाबायच्या आधी माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"काका, ड्रॉ?"

मग घड्याळ दाबलं. रीतच तशी आहे. चाल करायची, विचारायचं, मग घड्याळ. मी नोंदीच्या कागदावर त्याच्या चालीपुढं कंसात बरोबरचं चिन्ह लिहिलं. लिहिताना पेन कापत होतं.

मला आजही वाटतं की त्या दिवशीचा डाव इथंच जिंकला गेला. मोहरी तर अजून हललीही नव्हती. पहिल्यांदा मनात आलं ते ८.४. आठ गुण पदरात. उद्या पतसंस्थेत सांगता येईल, दोन हजारवाल्याशी बरोबरी केली. आमच्या साहेबांना बुद्धिबळ कळत नाही, पण दोन हजार कळतं. मग ताळगावचे ते गृहस्थ आठवले, त्यांचं हसू आठवलं. आणि एक साधा प्रश्न पडला, तो सात वर्षांपूर्वीच पडायला हवा होता. हा मुलगा माझ्याहून चारशे गुणांनी वर आहे. सात नंबरच्या बोर्डावर तो माझ्याकडून पूर्ण गुण न्यायला आलाय, बरोबरी झाली तर नुकसान त्याचं आहे. मग तो का मागतोय?

मला पट आवडत नव्हता म्हणून नव्हे, त्याला पट आवडत नव्हता म्हणून. आम्ही खालच्या आकड्यांची माणसं ड्रॉ विचारल्यावर उपकार झाल्यासारखं वागतो. समोरचा दमलाय, अडकलाय, त्याची वेळ संपत आलीय, हे त्या प्रश्नातच असतं, आणि तेवढंच आपण ऐकत नाही. आमच्यासारख्यांनी असे किती डाव अर्धवट टाकून दिले असतील या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं.

मी मान हलवून नकार दिला आणि राजा पुढं घेतला. त्यानं वर बघितलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

पुढच्या चार चालींत माझा राजा डी ४ वर आला, अगदी त्याच्या एकट्या प्याद्यापुढं. त्याचा राजा डी ६ वर, प्यादं धरून. माझा हत्ती सी ३ वर, ए ३ चं प्यादं सांभाळत आणि सी ८ वर घुसायच्या तयारीत. त्याचा हत्ती बी ६ वर. राजाच्या बाजूला माझी एफ ३, जी ४, एच ५. त्याची एफ ६, जी ७, एच ६. मोजून चार विरुद्ध चार. शेजारच्या बोर्डावरून उठलेला एक खेळाडू थोडा वेळ उभा राहिला, बघितलं आणि निघून गेला. बरोबरीत जाणार असंच त्याला वाटलं असणार.

त्याच्या घड्याळात पन्नास सेकंद होते. माझा हत्ती सी ८ वर येऊ नये म्हणून त्यानं आपला हत्ती सी ६ वर आणून हत्तीला हत्ती दिला. हत्ती बी २ वर उतरवला असता तर मला अजून बराच वेळ घाम गाळावा लागला असता. पण हत्ती उठले की प्यादी सारखी, राजा मधोमध, म्हणजे बरोबरी, असा त्याचा हिशेब. नाकारलेली बरोबरी तो आता मोहऱ्यांनी मागत होता.

माझ्याकडं नऊ मिनिटं होती. दोन्ही हात मांड्यांखाली घातले, कारण हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं आणि माझा हात घाईचा आहे.

हत्ती मारला की त्याचा राजा सी ६ वर येणार. मग माझी चाल. हीच तर गोष्ट होती, चाल माझी. ए प्यादं पुढं टाकतो. त्याचा राजा एकाच वेळी दोन कामं करणार कशी? डी ५ राखायचं तर माझं ए प्यादं धावतं. ए प्यादं अडवायला गेला तर मी डी ५ खातो. तो माझं ए प्यादं खाईल, खाऊ दे. तेवढ्यात माझा राजा ई ६ वर. एफ ६ चं प्यादं जी ७ च्या राखणीत आहे, म्हणून सरळ ते नाही खायचं, आधी एफ ७, मग जी ७, मग एच ६. माझं एच ५ चं प्यादं मोकळं.

पतसंस्थेत बंडल आलं की मी नोटा एकदा मशीनवर आणि दोनदा हातानं मोजतो. वीस वर्षांची सवय. इथं मशीन नव्हतं, म्हणून तिन्ही वेळा हातानं. पहिल्या मोजणीत मी आरामात जिंकत होतो. दुसऱ्या मोजणीत छातीत धस्स झालं: एच ६ खाल्ल्यावर माझा राजाच माझ्या प्याद्याच्या वाटेत उभा! त्याला बाजूला सरकायला एक चाल लागणार, ती मी धरलीच नव्हती. आणि तेवढ्या वेळात त्याचा राजा परत येऊन माझं एफ ३, मग जी ४ खाणार, त्याचं एफ प्यादं सुटणार.

तिसऱ्यांदा ओठांतल्या ओठांत, एकेक चाल बोटांवर. तो सी ४, मी जी ७ खातो. तो डी ३, मी एच ६ खातो. तो ई ३, मी राजा सरकवतो. तो एफ ३ खातो, मी एच ६. तो जी ४ खातो, मी एच ७. त्याचं प्यादं एफ ५. माझा वजीर. त्याच्या प्याद्याला अजून चार घरं बाकी. पुन्हा एकदा मोजलं, तेच आलं. घड्याळात पावणेदोन मिनिटं उरली होती.

हत्तीनं हत्ती मारला. त्यानं राजानं लगेच घेतला. मी ए ४ केलं.

त्या चालीवर त्याचा हात पटावर येता येता थांबला. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याचा हात दिसत होता. लाल दोरा, आणि बोटं हवेत अर्धवट मिटलेली. सेकंद उतरत होते. राजा डी ६. मी ए ५. राजा सी ६. मी ए ६. आता त्याला बी ६ वर जावंच लागलं आणि मी डी ५ चं ते प्यादं उचललं. चौथ्या चालीपासून मी त्याच्याकडं बघत होतो. ते लाकडी प्यादं मुठीत गरम लागलं, की माझाच हात गरम होता, सांगता येणार नाही. त्यानं माझं ए प्यादं खाल्लं, मी ई ६. तो बी ५, मी एफ ७.

पंचेचाळिसावी चाल. त्याच्या घड्याळात चोवीस सेकंद. त्यानं ते संपू दिले नाहीत. घड्याळ थांबवलं, हात पुढं केला. "छान खेळलात काका."

मला काही बोलता आलं नाही. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. अर्बिटर, म्हणजे पंच, आले, दोघांनी निकालावर सह्या केल्या, कागदाची वरची प्रत त्यांनी नेली, खालची माझ्याकडं राहिली. चाळिसाव्या चालीपासून माझं अक्षर मलाच वाचता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघांनी तोच डाव पुन्हा मांडला. खेळणारे याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. तो सी ६ वर थांबला. "इथं मला ड्रॉच वाटला. ए ४ बघितलंच नाही मी." मग त्यानं स्वतःच सगळं मोजून दाखवलं, माझ्याहून कितीतरी भरभर, आणि राजा सरकवायची ती चाल न विसरता. तेव्हा मला लख्ख कळलं, हा मुलगा माझ्याहून पुष्कळ चांगला खेळतो. त्या पन्नास सेकंदांत फक्त त्याच्याकडं मोजायला वेळ नव्हता आणि माझ्याकडं होता. आणि ड्रॉ घेऊन मी मधेच उठलो नव्हतो. मी त्याला विचारलं, "ड्रॉ का मागितलास रे?" तो क्षणभर थांबला. "हत्तींचा शेवट मला जमत नाही काका. तुमचा राजा पुढं येणार हे दिसत होतं."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याला पातळ भाजी-पाव खायला घेऊन गेलो. दुपारी दोनला दुसरी फेरी होती. ती मी बावीस चालींत हरलो, रागावण्यासारखंही त्यात काही नव्हतं. त्या पोरानं पुढचे पाच डाव ओळीनं जिंकले.

बाजार उठत आला होता. बाबांना आवडतात म्हणून मयड्याची केळी घेतली आणि अंधार पडायच्या आत डिचोलीला पोचलो.

बाबा आता एकोणऐंशीचे. ते बुद्धिबळ शिकले देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत, सप्ताहाच्या रात्री जागवताना, देशी पद्धतीनं. प्यादं एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडता येणार. माझ्या नियमांनी खेळायला त्यांना आवडत नाही, पण समजतं सगळं. बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, दिवा लावला, त्यांचा जुना पट काढला. काळा उंट तुटलाय, पण या डावात उंटाचं काम नव्हतं. सी ६ वर हत्ती ठेवला, सगळी प्यादी मांडली आणि म्हटलं, "त्यानं ड्रॉ मागितला होता, मी घेतला नाही."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ प्यादी मोजली. बोटानं माझी चार, मग त्याची चार.

"सारखीच आहेत की."

"हो."

"मग?"

मी हत्ती मारला, त्यांच्या हातानं राजा सी ६ वर ठेवला आणि ए प्यादं एक घर पुढं सरकवलं. ते पटावर वाकले. आतून आईनं जेवायला हाक मारली, पुन्हा मारली. बाबांनी राजा उचलला, डी ६ वर नेला, खाली न ठेवताच परत आणला, मग बी ६ वर नेऊन बघितला.

"थांब," ते म्हणाले, "सांगू नकोस."